एक्लेसिया ते मंडळी

नव्या कराराच्या मूळ ग्रीक संहितेत ‘एक्लेसिया’ हा शब्द सुमारे ११४ वेळा येतो. इंग्रजीत त्याचे बहुतेक ठिकाणी ‘चर्च’ होते, मराठी प्रॉटेस्टंट परंपरेत ‘मंडळी’ होते, कॅथलिक परंपरेत ‘ख्रिस्तसभा’ होते, आणि कोकण किनाऱ्यावर हाच शब्द, रूप पार पालटून, निराळ्याच वाटेने येऊन पोहोचलेला आहे. ‘चर्च’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम एक इमारत उभी राहते. परंतु ज्या काळात नव्या करारातील पत्रे लिहिली गेली त्या काळात ख्रिस्ती लोकांकडे अशी एकही इमारत नव्हती, आणि पत्रलेखकांच्या मनात होती ती एकत्र जमलेली माणसे. या दृष्टीने पाहिल्यास ‘मंडळी’ हा मराठी शब्द मूळ ग्रीक अर्थाच्या इंग्रजी शब्दापेक्षा बराच जवळ जातो. तो कोठे कमी पडतो, हेही पाहण्याजोगे आहे.

‘एक्लेसिया’ हा शब्द ख्रिस्ती लोकांनी घडवलेला नाही, किंबहुना त्याचा मूळ संबंध धर्माशीही नाही. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या आणि चौथ्या शतकांत अथेन्स नगरराज्याची सर्वाधिकारी नागरिकसभा या नावाने ओळखली जात असे. प्निक्स नावाच्या टेकडीवर ती भरत असे. चौथ्या शतकात तिच्या वर्षाला ४० बैठका होत आणि काही विशेष निर्णयांसाठी ६००० नागरिकांची उपस्थिती आवश्यक मानली जात असे. युद्ध, तह, कर, परकीयाला नागरिकत्व देणे यांसारख्या प्रश्नांवर तेथे भाषणे होत आणि बहुतेक वेळा हात वर करून मतदान होत असे. बाजारात रेंगाळणाऱ्या नागरिकांना लाल रंगात भिजवलेल्या दोराने सभेकडे हाकत नेत असल्याचे वर्णन अ‍ॅरिस्टोफेनिस या नाटककाराने केले आहे, त्यावरून लोकशाही आणि लोकांचा उत्साह या दोन गोष्टी तेव्हाही नेहमी एकत्र नांदत नव्हत्या, असे दिसते. या सभेत स्त्रिया, गुलाम आणि अथेन्समध्ये राहणारे परदेशी यांना स्थान नव्हते. ही मर्यादा पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

शब्दाचा हा नागरी अर्थ नव्या करारातही शिल्लक आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात इफिस शहरातील दंगलीची हकिकत येते. अर्तमी देवीच्या मंदिराच्या चांदीच्या प्रतिकृती बनवणारा देमेत्रिय नावाचा सोनार पौल या प्रेषिताच्या प्रचारामुळे धंदा बुडेल या भीतीने आपल्या व्यवसायबंधूंना चिथावतो, लोक नाट्यगृहात घुसतात आणि दोन तास देवीच्या नावाचा गजर करीत राहतात, आणि अखेर शहराचा लेखनिक त्यांना बजावतो की तक्रार असेल तर ती रीतसर भरणाऱ्या सभेपुढे न्यावी. या प्रसंगात गोंधळ घालणाऱ्या जमावासाठी आणि कायदेशीर नगरसभेसाठी, दोहोंसाठी, ग्रीक लेखक ‘एक्लेसिया’ हाच शब्द वापरतो. मराठी भाषांतरांत मात्र येथे ‘सभा’ असे येते. ‘मंडळी’ हा शब्द ख्रिस्ती समुदायासाठी राखून ठेवण्यात आला आहे. त्यामुळे वाचन सुलभ होते, परंतु एक गोष्ट नजरेआड होते: इफिसच्या सामान्य ग्रीक नागरिकाला ख्रिस्ती लोकांनी आपल्या जमावाला दिलेले नाव ऐकताच आपल्या नगरसभेची आठवण होत असली पाहिजे, आणि मूठभर कारागीर, विधवा आणि गुलाम स्वतःला असे भारदस्त नाव लावतात याचे त्याला नवल, कदाचित हसूही, येत असले पाहिजे.

या नावामागे दुसरी एक परंपराही होती. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. त्यास ‘सेप्टुअजिंट’ म्हणतात. हिब्रूमध्ये इस्राएली लोकांच्या एकत्र जमण्याला ‘काहाल’ असा शब्द आहे आणि त्या धर्मग्रंथांपैकी ‘अनुवाद’ या पुस्तकात सीनाय पर्वताशी, म्हणजे होरेबाशी, लोक जमले त्या दिवसाच्या वर्णनात तो येतो. भाषांतरकारांनी या ‘काहाल’साठी कित्येक ठिकाणी ‘एक्लेसिया’ आणि काही ठिकाणी ‘सिनागोगे’ असे दोन ग्रीक शब्द वापरले. पुढे यहुदी समाजाकडे ‘सिनागोगे’ राहिला, ख्रिस्ती समाजाकडे ‘एक्लेसिया’ गेला, आणि मुळात जवळजवळ समानार्थी असलेल्या या दोन शब्दांमध्ये दोन धर्मांची सीमा उभी राहिली. ही वाटणी एका दिवसात झाली नाही, कारण याकोबाच्या पत्रात ख्रिस्ती लोकांच्या जमण्यालाच ‘सिनागोगे’ म्हटलेले आढळते. चार शुभवर्तमानांपैकी केवळ मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘एक्लेसिया’ येतो, तोही १६व्या आणि १८व्या अशा दोनच अध्यायांत. मार्क, लूक आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत तो मुळीच नाही.

धर्मोपदेशात या शब्दाची एक आवडती व्युत्पत्ती सांगितली जाते. ‘एक’ म्हणजे बाहेर आणि ‘कालेओ’ म्हणजे बोलावणे, म्हणून एक्लेसिया म्हणजे जगातून बाहेर बोलावलेल्या लोकांचा समुदाय, अशी ती मांडणी होय. व्युत्पत्ती म्हणून यात खोटे काही नाही, परंतु पौलाच्या काळातील ग्रीक माणूस हा शब्द उच्चारताना धातू आणि उपसर्ग यांची फोड करीत होता असे मानण्यास आधार नाही. जेम्स बार या स्कॉटिश अभ्यासकाने १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बायबलच्या शब्दांची अशी फोड करून त्यांतून सिद्धान्त काढण्याच्या पद्धतीवर कठोर टीका केली. भारतीय वाचकाला ही टीका नवी वाटण्याचे कारण नाही. ‘कुशल’ या शब्दाचा मूळ अर्थ कुश नावाचे गवत हात न कापता खुडणारा असा आहे, तरी ‘कामात कुशल’ म्हणताना गवताचा विचार कोणी करीत नाही; मम्मटाने ‘काव्यप्रकाश’मध्ये रूढीचे उदाहरण म्हणून हाच शब्द घेतला आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरावरून ठरतो, आणि एक्लेसियाचा वापर पाहायचा तर पौलाच्या पत्रांकडे वळावे लागते.

थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र इसवी सन ५०च्या सुमाराचे, म्हणजे उपलब्ध ख्रिस्ती लेखनातील बहुधा सर्वांत जुने, आणि त्याच्या पहिल्याच वाक्यात हा शब्द थेस्सलनीका शहरातील माणसांना उद्देशून येतो. मराठी भाषांतरकारांनी या पत्रांना दिलेली नावे येथे दाद द्यावी अशी आहेत. रोमकर, करिंथकर, इफिसकर अशी पुणेकर-नगरकरांच्या चालीवर बेतलेली ही नावे वाचकाला लगेच जाणवून देतात की पत्र एखाद्या संस्थेला नव्हे तर विशिष्ट गावच्या माणसांना लिहिलेले आहे. ही माणसे जमत ती कोणाच्या तरी घरी. प्रिस्का आणि अक्विला या तंबू शिवणाऱ्या दाम्पत्याच्या घरातील एक्लेसियाचा उल्लेख पौल करतो, फिलेमोनाच्या घरातील एक्लेसियाचा करतो. करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातील एक्लेसियाची सेविका म्हणून फीबी या स्त्रीची तो रोमकरांना ओळख करून देतो. अथेन्सच्या सभेने ज्यांना दाराबाहेर ठेवले होते त्या स्त्रिया आणि गुलाम या नव्या एक्लेसियाच्या आत होते, आणि शब्द तोच राहूनही त्याचा आशय केवढा बदलला हे येथे दिसते.

मात्र आत आल्यावर सर्व समान झाले असे नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात पौल रागावतो तो प्रभुभोजनाच्या प्रसंगावरून: सधन लोक आधी येऊन खाऊन-पिऊन घेतात, कष्टकरी उशिरा पोहोचतात आणि उपाशी राहतात, आणि तरीही या प्रकाराला एक्लेसिया म्हणतात. महाराष्ट्रातील वाचकाला हा पंक्तिप्रपंच समजावून सांगावा लागत नाही. ताट कोणाशेजारी मांडायचे, पाणी कोणाच्या हातचे प्यायचे, हा येथील समाजव्यवस्थेचाच गाभा होता, आणि एकोणिसाव्या शतकात ब्राह्मण, महार, मांग, कुणबी अशा जातींतून आलेले लोक एकाच भाकरीचा तुकडा आणि एकाच पेल्यातील द्राक्षारस घेण्यास बसू लागले तेव्हा ‘मंडळी’ या शब्दाची खरी कसोटी त्या पेल्यापाशी लागली. लक्ष्मीबाई टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सोवळ्याओवळ्याचा आणि जातीचा आपल्या मनावरील पगडा कसा हळूहळू सुटत गेला हे अत्यंत प्रांजळपणे सांगितले आहे. त्यांच्या पतीचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांचा १९०० साली. मधल्या पाच वर्षांचे त्यांचे निवेदन करिंथकरांच्या पत्रावरील अनेक टीकांपेक्षा अधिक शिकवून जाते.

इमारतीचा अर्थ या शब्दाला पुढे चिकटला. सीरियातील दुरा-युरोपस येथे उत्खननात सापडलेले, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील उपासनेचे घर हे मुळात एक साधे राहते घर होते, भिंत पाडून मोठे केलेले. चौथ्या शतकात रोमन सत्तेने ख्रिस्ती धर्माला मान्यता दिल्यावर मोठ्या वास्तू उभ्या राहिल्या आणि लोक जमत त्या जागेलाही ‘एक्लेसिया’ म्हणण्याची रीत पक्की झाली. इंग्रजी ‘चर्च’ मात्र एक्लेसियापासून आलेलाच नाही. तो ‘प्रभूचे’ अशा अर्थाच्या ‘किरियाकोन’ या दुसऱ्या ग्रीक शब्दापासून, जर्मन भाषाकुलातून फिरत आला, आणि त्यात प्रभूचे घर हा वास्तूचा भाव आरंभापासून आहे. एक्लेसिया लॅटिनमध्ये गेला, तेथून पोर्तुगीजमध्ये ‘इग्रेजा’ झाला, आणि पोर्तुगीजांबरोबर अरबी समुद्र ओलांडून आला. गोव्याच्या कोंकणीतील ‘इगर्ज’ आणि हिंदीतील ‘गिरजा’ हे दोन्ही अथेन्सच्या त्या टेकडीवरील शब्दाचेच वंशज आहेत, अर्थात आता केवळ इमारतीच्या अर्थाने उरलेले.

आजच्या मुंबई उपनगरांचा बराच भाग, म्हणजे साष्टी बेट आणि त्याला लागून असलेला ट्रॉम्बे-माहुलकडचा खाडीकिनारा, १५३४च्या वसई तहानंतर पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. मराठ्यांनी साष्टी १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये घेतली. या दोनशे वर्षांत किनाऱ्यावरील जे कोळी, शेतकरी आणि कारागीर ख्रिस्ती झाले त्यांच्या वंशजांनी पोर्तुगीज नावे स्वीकारली, परंतु बोली मराठीच ठेवली. मुंबई परिसरातील या समाजाने १८८७ मध्ये ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापून ईस्ट इंडियन हे नाव घेतले. गंमत अशी की, वसईत आणि मुंबईच्या गावठाणांत जुन्या माणसांनी उपासनेच्या वास्तूला इग्रेजापेक्षा ‘देऊळ’ म्हणणेच पसंत केले. पाद्री, क्रूस, बाप्तिस्मा हे शब्द बाहेरून आले, पण देवाच्या घराला घरचाच शब्द राहिला.

मराठीत ‘मंडळी’ रुजली ती मात्र दुसऱ्या दाराने, आणि तिचे महत्त्व लक्षात येण्यासाठी इंग्लंडमधील एका वादाकडे पाहावे लागते. विल्यम टिंडेल याने १५२६ मध्ये ग्रीकवरून इंग्रजी नवा करार छापला तेव्हा एक्लेसियासाठी ‘चर्च’ टाळून ‘काँग्रिगेशन’, म्हणजे जमलेले लोक, हा शब्द घातला. टॉमस मोर यांनी यावर कडाडून हल्ला चढवला, कारण शब्द बदलला की पोप, बिशप आणि त्यांच्या न्यायासनांचा आधारच बायबलमधून नाहीसा होतो हे त्यांच्या तत्काळ ध्यानात आले. पाखंडाच्या आरोपावरून टिंडेलला १५३६ मध्ये देहान्त शिक्षा झाली. पुढे राजा जेम्स याच्या आज्ञेने नवे भाषांतर सुरू झाले तेव्हा भाषांतरकारांना घालून दिलेल्या नियमांत जुने धर्मशब्द कायम ठेवावेत आणि विशेषतः ‘चर्च’च्या जागी ‘काँग्रिगेशन’ घालू नये असे स्पष्ट बजावले होते, आणि १६११च्या त्या प्रसिद्ध भाषांतरात तसेच घडले. लूथर यानेही जर्मन भाषांतरात रूढ शब्द टाळून लोकसमुदायाचा शब्द निवडला होता.

मराठी भाषांतराला असा कोणताही राजाचा नियम आड आला नाही. विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने बंगालमधील सेरामपूर येथे १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले. मुंबईत १८१३ मध्ये आलेल्या गॉर्डन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनने, १८२६ मध्ये नवा करार पूर्ण केला. संपूर्ण बायबल १८४७ मध्ये निघाले आणि पुढच्या सुधारणांत बाबा पदमनजी यांच्यासारख्या मराठी लेखकांचा हात लागला. पंडिता रमाबाई यांनी तर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून, सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल एकटीने भाषांतरित केले आणि १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी हे काम पुरे केले. प्रचलित प्रॉटेस्टंट मराठी बायबलमध्ये एक्लेसिया म्हणजे मंडळी, तिचे कारभारी ‘वडील’, देखरेख करणारा ‘अध्यक्ष’ आणि मदतनीस ‘सेवक’ अशी घरगुती आणि गावकीची परिभाषा आहे. टिंडेलला ज्यासाठी झगडावे लागले ते मराठीत विनासायास मिळाले.

शब्दाची निवड सहज वाटण्याचे कारण तो तेव्हाच्या हवेत होता. मुंबईत १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी जातिभेद न मानणारी गुप्त ‘परमहंस मंडळी’ काढली आणि बाबा पदमनजी ख्रिस्ती होण्यापूर्वी तिच्यात वावरले होते. पुढे १८८० मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळी आली. भजनी मंडळी आणि संतमंडळी त्याआधीपासून होत्याच. मंडलापासून, म्हणजे वर्तुळापासून, निघालेल्या या शब्दात समोर बसलेले श्रोते नसून एकमेकांभोवती बसलेले लोक आहेत. व्याकरणाचाही योग जुळून आला. ग्रीक एक्लेसिया स्त्रीलिंगी आहे आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात ती ख्रिस्ताची वधू म्हणून येते. मराठी मंडळीही स्त्रीलिंगी, तर चर्च हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी होऊन बसतो. जुन्या शिष्ट बोलीत पुरुष आपल्या पत्नीचा उल्लेख ‘आमची मंडळी’ असा करीत, हे लक्षात घेतले तर पौलाच्या रूपकाला मराठीने न मागता दिलेली ही पुस्ती म्हणावी लागेल. अनेकवचन मात्र खास ख्रिस्ती मराठीने वाढवले: ‘प्रकटीकरण’ या पुस्तकातील आशियातील सात ‘मंडळ्या’ हा प्रयोग इतर मराठीत नाटक कंपन्यांपलीकडे फारसा ऐकू येत नाही.

मंडळीत जे हरवले ते म्हणजे अधिकार. घरची मंडळी, जेवणारी मंडळी, गप्पा मारणारी मंडळी ठराव करीत नाही, तर एक्लेसिया करीत असे. येथे एक योगायोग फार बोलका आहे. अमेरिकन मराठी मिशनचे बहुसंख्य मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे होते आणि प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला पाळक स्वतः निवडावा, आपले निर्णय मताने घ्यावेत, हे त्या पंथाचे मूळ तत्त्व होते. अहमदनगरला १८३३ मध्ये अशी पहिली मंडळी स्थापन झाली. मतदान करणारी सभा म्हणून एक्लेसियाचा जुना अर्थ अशा रीतीने अहमदनगर जिल्ह्यात अवतरला खरा, पण पगार, शाळा आणि जागा यांचे पैसे अमेरिकेतून येत असल्याने अखेरचा शब्द दीर्घकाळ मिशनचाच राहिला, आणि स्वाभिमानी मराठी ख्रिस्ती माणसाला हे बोचत गेले.

लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक हे त्यांतील सर्वांत मोठे नाव. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात लिहिणारे, मराठी मंडळ्यांना अभंग आणि कीर्तन देणारे हे कवी १९१७ मध्ये मिशनच्या सेवेतून बाहेर पडले आणि साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात यावेत ही त्यांची कल्पना होती. एक्लेसियाच्या इतिहासात ही सूचना धाडसी होती, कारण आत कोण आणि बाहेर कोण हे अथेन्समध्ये जन्माने ठरे, मंडळीत बाप्तिस्म्याने, आणि टिळकांनी दोन्ही उंबरठे काढून टाकले. मात्र ‘दरबार’ हा शब्द मंडळीच्या वर्तुळात पुन्हा एक सिंहासन आणतो, आणि मतदानाची जागा भक्तीला देतो. टिळकांसारख्या वारकरी वळणाच्या कवीला त्यात काही उणे वाटले नसावे. मे १९१९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि दरबाराचा विस्तार तेथेच थांबला. त्यांनी सोडलेल्या मिशनच्या मंडळ्या पुढे एका मोठ्या ऐक्यात सामील झाल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. अधिकृत नावात ‘चर्च’ आले असले तरी रविवारी गावोगाव जमते ती मंडळीच.

कॅथलिक मराठीत याच काळात उलट दिशेने प्रवास झाला. तेथे शतकानुशतके वास्तू, धर्मगुरू आणि रोम यांना असलेले प्राधान्य दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ढिले केले. १९६४ च्या तिच्या मुख्य दस्तऐवजात ख्रिस्तसभेचे वर्णन देवाची प्रजा असे करण्यात आले, आणि मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ हे कॅथलिक धर्मगुरूने केलेले भाषांतर २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि साहित्य अकादमीने त्याचा गौरव केला. ‘ख्रिस्तसभा’ या समासात ‘सभा’ हे पद आहे, म्हणजे इफिसच्या लेखनिकाने दंगेखोरांना ज्या रीतसर बैठकीकडे धाडले तिचेच नाव. मंडळीतून निसटलेला ठराव आणि अधिकार यांचा भाव त्यात टिकला आहे, आणि मंडळीतील वर्तुळ त्यात नाही. एकाच ग्रीक शब्दाचे दोन अर्धे अर्थ असे मराठी ख्रिस्ती समाजाच्या दोन परंपरांनी वाटून घेतले आहेत.